वनपिंगळ्याच्या नावाची दीडशे वर्षे

भंडाऱ्याहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने पूर्वेकडे निघाले, की साकोली, देवरी, राजनांदगाव, रायपूर, पिथोरा मागे टाकत बसना लागते. त्याच रस्त्याने उलट पश्चिमेकडे गेले, तर नागपूर, अमरावती, अकोला, जळगाव, धुळे. आणि पुढे उत्तरेला वळून तापी ओलांडली की शहादा. वनपिंगळा या घुबडाची जगातली पहिली नोंद बसन्याच्या बाजूची आहे. तो नामशेष झाला असे बहुतेकांनी धरले होते, तेव्हा सापडला तो शहाद्याजवळ. आपला जिल्हा या दोन टोकांच्या मध्ये येतो. या पक्ष्याच्या नावाचा इतिहास भंडाऱ्यात बसून वाचावासा वाटतो, तो त्यामुळेच.

डिसेंबर १८७२. रायपूरच्या पूर्वेला बसना-फुलझरच्या जंगलात एफ. आर. ब्लुइट या अधिकाऱ्याने एक लहान घुबड टिपले. तो काळ बंदुकीने पक्षी ‘पाहण्याचा’ होता. मारलेला पक्षी सोलायचा, आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे रवाना करायचा. पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. देशभरच्या इंग्रज अधिकाऱ्यांचे जाळे विणून त्यांनी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा अफाट संग्रह केला आणि ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक काढले. त्याच्या १८७३ च्या पहिल्याच खंडात ब्लुइटने पाठवलेल्या घुबडाचे वर्णन आले. आपल्या वाड्या-वस्त्यांवर दिसणारा साधा पिंगळा, अथीनी ब्रामा, याला टेमिंक यांनी १८२१ मध्येच नाव दिले होते. नवा पक्षी आकाराने जवळपास तेवढाच होता. पण माथ्यावर ठिपके जेमतेम, डोके थोराड, शेपटीवर ठळक पांढरे पट्टे आणि पंजे अंगाच्या मानाने दांडगे, बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. ह्यूम यांनी त्याच्यासाठी वेगळी प्रजातीच (जीनस) उभी केली: हेटरोग्लॉक्स, म्हणजे ग्रीकमध्ये ‘निराळे घुबड’. जातीचे नाव ब्लुइटी, म्हणजे ब्लुइटचे. हेटरोग्लॉक्स ब्लुइटी.

एका कातड्यावरून नवी प्रजाती मांडणे हे धाडस होते. ह्यूम यांच्या हाताखालून हजारो पक्षी गेले होते, त्यामुळे त्या नजरेवर माझा विश्वास बसतो. तरी एक नमुना तो एकच. १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातल्या खरियारजवळ दुसरा मिळाला. नंतर मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० ते १८८४ या काळात पश्चिम खानदेशात, शहाद्याच्या परिसरात, आणखी काही गोळा केले. तिथे ओघ आटला. जगभरच्या संग्रहालयांत या पक्ष्याची मिळून सात कातडी जमली, आणि त्यांतल्या एकावर पुढे मोठा खटला चालायचा होता.

ह्यूम यांचेही पक्ष्यांचे दिवस तेवढ्यातच संपले. सिमल्याच्या घरातून त्यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखिते कुणी रद्दीच्या भावाने विकून टाकली. खचलेल्या ह्यूम यांनी सारा संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. त्या टिपणांत काय काय होते या विचाराने आजही हळहळ वाटते. बसन्याचा पक्षी मात्र वाचला. ज्या एका नमुन्यावर जातीचे नाव टिकून असते, तो हा नमुना.

विसाव्या शतकात हेटरोग्लॉक्स हे नाव मागे पडले. याद्या करणाऱ्यांना स्वतंत्र प्रजातीची गरज वाटेना. त्यांनी हा पक्षी साध्या पिंगळ्याच्या शेजारी, अथीनी प्रजातीत नेऊन बसवला. नामकरणाच्या नियमांत अशा फेरबदलाची सोय आहे. प्रजाती बदलली तरी जातीचे नाव, ‘ब्लुइटी’, कायम राहते. फक्त मूळ वर्णनकाराचे नाव आणि वर्ष कंसात जाते. म्हणून आता लिहितात, अथीनी ब्लुइटी (ह्यूम, १८७३). तो कंस वाचता येणाऱ्याला लगेच कळते, की या पक्ष्याचे पहिले घर दुसरे होते.

कागदावर घर बदलत होते, जंगलात पक्षी मात्र दिसत नव्हता. पक्षीतज्ज्ञ सलीम अली आणि डिलन रिप्ले यांनी शोधला, हाती काही लागले नाही. १९७६ मध्ये रिप्ले यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात या जातीचा नव्याने विचार मांडला. मधूनमधून दिसल्याच्या बातम्या येत आणि तपासल्यावर तो साधा पिंगळा निघे. एकच नोंद भक्कम मानली जात होती: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन याने ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला मिळवलेला पक्षी. चिठ्ठीवर ठिकाण होते, तारीख होती, खाली नामांकित माणसाचे नाव होते. शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर फिरले.

ती चिठ्ठी खोटी होती. स्मिथसोनियनमधल्या पामेला रासमुसेन रिप्ले यांच्यासाठी दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या पुस्तकावर काम करत होत्या. माइनर्ट्झहागनच्या संग्रहावर आधीच संशय घेतला जात होता, तेव्हा त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी हे कातडे बारकाईने तपासले. क्ष-किरण चित्रे काढली, शिवण पाहिली, आत भरलेला कापूस पाहिला. पक्षी सोलून भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असते. हे कातडे उसवून नव्याने भरलेले होते, आणि जुन्या कामाच्या ज्या खुणा उरल्या होत्या त्या डेव्हिडसन यांच्या हाताच्या होत्या. म्हणजे १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी म्युझियममधून चोरायचा, त्याचे रूप पालटायचे आणि नव्या गावाची चिठ्ठी बांधून तो स्वतःचा म्हणून मिरवायचा. हा शोधनिबंध १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात आला. वर्गीकरणाच्या इतिहासातला हा गुन्हा मला फार गंभीर वाटतो. संग्रहालयातल्या पक्ष्याची किंमत त्याच्या चिठ्ठीत असते. कुठे आणि केव्हा, एवढे दोन शब्द खोटे पडले की त्या कातड्यावर उभे राहणारे सगळेच खोटे पडते. नामशेष होऊ घातलेल्या पक्ष्याच्या बाबतीत तर माणसे भलत्याच रानात शोधत राहतात.

मांडवी बाद झाली, तेव्हा खऱ्या जागा उरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. तिथे पक्षी मिळाला नाही. मग त्यांनी डेव्हिडसन यांचा खानदेश गाठला. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी बेन किंग यांना पिंगळा दिसला. माथ्यावर ठिपके नाहीत, शेपटीचे पट्टे रुंद, पाय पांढऱ्या पिसांचे. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले. १८८४ नंतर ११३ वर्षांनी वनपिंगळा जिवंत असल्याचा निर्विवाद पुरावा मिळाला. डेव्हिडसन यांनी लिहिलेले ठिकाण शंभर वर्षांनंतरही खरे ठरले, याचे मला या साऱ्यात सर्वांत अप्रूप वाटते.

त्यानंतरची वीस वर्षे कामाची गेली. बीएनएचएसच्या फराह इश्तियाक, असद रहमानी आणि नंतर गिरीश जठार यांनी या पक्ष्याचे आवाज, वीण, खाणे यांचा अभ्यास केला. मेळघाटात तो चांगल्या संख्येने आढळला. मध्य प्रदेशात खंडवा, बुऱ्हाणपूरकडे मिळाला. २०१४ मध्ये तर मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली. तो दिवसा वावरतो, सरडे आणि उंदीर पकडतो, जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो, शेपटी झटकतो. ही माहिती हातात आल्यावर जुना प्रश्न परत उभा राहिला. रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ह्यूम बरोबर वाटत होते: शरीररचना आणि वागणे वेगळे, तर प्रजातीही वेगळी. अनेक पुस्तकांत हेटरोग्लॉक्स परत आले.

याचा उलगडा २०१८ मध्ये झाला. पंकज कोपर्डे, प्राची मेहता, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन, शोमिता मुखर्जी आणि व्ही. व्ही. रॉबिन यांनी वनपिंगळ्याची जनुके इतर घुबडांशी ताडून पाहिली, आवाजही ताडून पाहिले. वनपिंगळा अथीनीच्या कुळवृक्षात मधेच बसतो, बाहेर नाही. त्याला वेगळे काढायचे तर बाकीचे अथीनीही फोडावे लागतील. मात्र त्याची फांदी लाखो वर्षांपूर्वीच बाजूला झालेली आहे. म्हणून ह्यूम यांना जे निराळेपण दिसले ते खरेच होते, असे मी म्हणेन. त्यांनी ते एक पायरी वर लावले, इतकेच. त्याच वर्षी आययूसीएनच्या यादीत हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. पक्षी अचानक वाढले म्हणून हा बदल झाला नाही. शोधणारे वाढले आणि नव्या जागा कळल्या.

अशी नवी जागा आपल्याकडेही निघू शकते. बसना आणि मेळघाट यांच्या मध्ये कोका अभयारण्य आहे, नवेगाव-नागझिऱ्याचे रान आहे, साकोली-लाखनीकडचे सागाचे पट्टे आहेत. या रानात पिंगळा आणि जंगली पिंगळा दोन्ही आहेत, आणि घाईत पाहिले तर वनपिंगळा धरून तिन्ही सारखेच वाटतात. सागाची पाने झडू लागली, की सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसलेल्या प्रत्येक पिंगळ्याचा माथा पाहायला हवा. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके असतात, जंगली पिंगळ्याच्या डोक्यावर बारीक आडव्या रेघा. माथा जवळजवळ कोरा, छाती गडद तपकिरी, पोट पांढरे आणि शेपटीचे पट्टे रुंद दिसले, तर समोरून आणि मागून छायाचित्र घ्यावे, आवाज ध्वनिमुद्रित करावा, आणि वहीत गावाचे नाव, वनखात्याचा कक्ष क्रमांक, तारीख, वेळ तिथल्या तिथे लिहावी.