यकृताचा पहारा ढिला पडतो तेव्हा

पोटाच्या उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड वसलेले यकृत ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी होय. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन सुमारे दीड किलो भरते. पचनास साहाय्य करणे व विषारी द्रव्यांचा निचरा करणे ही तिची कामे सर्वपरिचित आहेत. परंतु रोगजंतूंवर पहारा ठेवण्याचे तिचे कार्य फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

आतड्यांतून निघालेले रक्त प्रथम यकृतात येते. तेथील कुफर पेशी त्यातील जंतू गिळून टाकतात. जंतूंशी झुंजणारी अनेक प्रथिनेही येथेच तयार होतात. दीर्घकाळचे मद्यपान, ब व क प्रकारचा विषाणुजन्य यकृतदाह, किंवा स्थूलता व मधुमेहाबरोबर यकृतात साचणारी चरबी यांमुळे निरोगी पेशींची जागा कठीण व्रणतंतू घेतात. हाच सिरोसिस. मग बरेचसे रक्त यकृताला वळसा घालून जाते, प्रथिने अपुरी पडतात आणि प्रतिकारशक्ती खालावते. जलोदर झालेल्या रुग्णाच्या पोटातील पाण्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो. अशा वेळी ताप किंवा पोटदुखी होतेच असे नाही. कधी केवळ गुंगी येते वा बोलणे असंबद्ध होते. अशा रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे.

दुसरा धोका कर्करोगाचा. सिरोसिसमध्ये पेशी वारंवार नष्ट होतात व नव्याने निर्माण होतात. या घडामोडीत विकृत पेशी उद्भवतात आणि त्यांचा नाश करणारी यंत्रणा तर आधीच दुर्बळ झालेली असते. यकृतातच उद्भवणाऱ्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण पूर्वीपासून सिरोसिसने ग्रस्त असतात. प्रारंभी वेदना नसते. सूज उतरली, भूक लागली, की रुग्ण तपासणीस जाणे सोडतो. आणि नेमकी तेथेच चूक होते. दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी व त्यासोबत अल्फा-फिटोप्रोटीनची रक्तचाचणी केल्यास गाठ लहान असतानाच सापडू शकते व उपचारांना यश येण्याची शक्यता वाढते.

प्रतिबंध मात्र जन्मापासूनच सुरू होतो. नवजात बालकास २४ तासांच्या आत हिपॅटायटिस-बी लस द्यावयाची असते. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात ब व क प्रकारांची तपासणी व औषधोपचार विनामूल्य उपलब्ध आहेत. मद्यपान पूर्णपणे सोडणे तितकेच आवश्यक आहे.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अशा रुग्णास प्रकृती विचारताना एवढेच विचारावे : पुढील तपासणी केव्हा आहे? या साध्या विचारपूसमुळेही एखादा जीव वाचू शकेल.