पन्नास रुपयांचा कायदा आणि परळचं इस्पितळ

परळला कुणालाही ‘बैलघोडा हॉस्पिटल’ कुठे म्हणून विचारलं की पत्ता मिळतो. पाटीवरचं नाव आहे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी सोसायटीही स्थापन झाली. १८८३ मध्ये सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या दानातून हे रुग्णालय उभं राहिलं, आणि १८८६ मध्ये याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आधी रस्त्यावर लक्ष ठेवणारी संस्था, मग जनावरांचं इस्पितळ, मग डॉक्टर घडवणारी शाळा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. शहरातल्या प्राणी संरक्षण अधिकाऱ्याचं काम समजून घ्यायचं, तर कोर्टाआधी या इस्पितळाकडे पाहायला हवं. अधिकाऱ्याची खरी ताकद गुन्हेगाराला शिक्षा करवण्यात फारशी नाहीच. जनावर त्या क्षणापुरतं तरी मालकाच्या हातून सोडवता येणं, ही त्याची ताकद. आणि सोडवलेलं जनावर ठेवायला जागा नसेल, तर तीही संपते.

हे म्हणणं पटण्यासाठी कायदा नीट वाचावा लागतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणून या प्रश्नाला वाचा फोडली आणि पुढे १९६० मध्ये प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या ११व्या कलमातली यादी मोठी आणि बारकाईने केलेली आहे: मारहाण, झेपेपेक्षा जास्त ओझं, आजारी किंवा म्हाताऱ्या जनावराला कामाला जुंपणं, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं, अवाजवी वेळ बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं. यादी वाचताना वाटतं की हे लिहिणाऱ्यांनी रस्ता पाहिला होता. शिक्षेशी आलं की मात्र हात आखडतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला, तर पंचवीस ते शंभर रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. यातले बहुतेक गुन्हे अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. शिवाय गुन्ह्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर तो दाखल होतच नाही. १९६०चे पन्नास रुपये आजही पन्नासच आहेत. केवळ दंडाच्या धाकावर काम करणाऱ्या अधिकाऱ्याला कुणी घाबरावं, असं यात काहीच उरलेलं नाही.

पण याच कायद्यात ३४वं आणि ३५वं कलम आहे, आणि अधिकाऱ्याचा सगळा जीव त्यांत आहे. गुन्हा घडतो आहे असं मानायला कारण असेल, तर कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेली व्यक्ती ते जनावर ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढे किंवा पशुवैद्यकापुढे तपासणीसाठी हजर करू शकते आणि मालकालाही सोबत यायला सांगू शकते. मग दंडाधिकारी जनावराला उपचारगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात आणि तिथला खर्च मालकावर पडतो. लंगडणाऱ्या बैलाच्या मालकाला पन्नास रुपयांचं काही वाटणार नाही. पण बैल काही आठवडे परळला राहिला, त्याचा चारापाणी भरावा लागला आणि काम बुडालं, तर ते जाणवतं. शिवाय तेवढ्या काळात खूर बरा होतो, खांद्यावरची जखम भरते. दंडाने ही दुसरी गोष्ट कधीच साधत नाही. म्हणून अधिकाऱ्याच्या अंगी वकिलीपेक्षा जनावराची पारख जास्त लागते. त्याला खोगिराखालचा घाव दिसला पाहिजे, बरगड्या मोजता आल्या पाहिजेत, कुठला पाय टेकत नाही हे चालीवरून कळलं पाहिजे. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीचे १९६५चे नियम त्याला पाठ हवेत: दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि तापमान ३७ अंशांच्या वर जात असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही.

यावर गंभीर आक्षेप आहे तो गरिबीचा. ज्याचं जनावर ताब्यात जातं त्याची चूल त्याच दिवशी विझते, मग हा न्याय कसला, असं विचारणारे चुकीचं विचारत नाहीत. मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांचं उदाहरण घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये सैरसपाट्यासाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात त्या बंद करायला सांगितलं. त्याच वेळी गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया रस्त्यावर आल्या त्या मार्च २०२१ मध्ये. मधल्या वर्षांची झळ माणसांना लागली, हे मान्य करायलाच हवं. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. धंदा बंद करणं हे सरकारचं धोरण, आणि त्याची भरपाईही सरकारनेच वेळेवर द्यावी. रस्त्यावरच्या अधिकाऱ्यापुढचा प्रश्न त्याहून लहान आणि तातडीचा असतो: हे एक जनावर आज काम करण्याच्या स्थितीत आहे का? नसेल, तर मालकाची गरिबी खरी असूनही ते जनावर चालवणं योग्य ठरत नाही. उपचार सवलतीत मिळाले तर गरीब मालक स्वतःहून जनावर आणेल, आणि ताब्यात घेण्याची वेळच कमी येईल.

दुसरे म्हणतात, दंड हजारोंनी वाढवा, प्रश्न सुटेल. मुद्दाम छळ करणाऱ्यांच्या बाबतीत मलाही कडक शिक्षा हवी आहे, आणि जनावर मारण्यास किंवा अपंग करण्यास भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद आहेच. पण जास्त ओझं लादणाऱ्याला मोठा दंड करून बैल त्याच्याच हाती परत दिला, तर दंडाची रक्कम वसूल करायला तो उद्या आणखी दोन पोती लादेल.

या युक्तिवादाची खरी परीक्षा होते ती भटक्या कुत्र्यांपाशी, कारण तिथे मालकच नाही. मुंबईने हा वाद फार आधी पाहिला आहे. जून १८३२ मध्ये कुत्रे मारणाऱ्यांना सरकार कुत्र्यामागे आठ आणे देत होतं, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, शहर बंद पडलं आणि कुत्र्यांना ठार न करता शहराबाहेर नेण्यावर तडजोड झाली. आजच्या २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत उत्तर वेगळं आहे: पकडा, निर्बीजीकरण करा, लस टोचा आणि त्याच वस्तीत परत सोडा. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आईला हे उत्तर क्रूर वाटतं, आणि रेबीज झाला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे तिच्या भीतीला कुणी हलकं लेखू नये. मात्र ती भीती कमी कशाने होते हे गोव्याने दाखवलं. तिथे २०१३ पासून गावोगाव कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम चालली आणि कुत्र्यांमधला रेबीज नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. म्हणजे इथेही शेवटी लागतात ते पिंजरे, शस्त्रक्रियेचं टेबल, लस आणि कुत्र्याला काही दिवस ठेवायची जागा. त्याशिवाय अधिकारी गृहनिर्माण सोसायटीच्या गच्चीवर कुत्र्यांच्या बाजूच्या आणि विरोधातल्या गटांची भांडणं सोडवत बसतो आणि कुत्री वाढतच राहतात.

१९६०च्या कायद्याखालच्या २००१च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असं सांगितलं. त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जिची आठवण फार कमी जण करून देतात: राज्य सरकारने त्या सोसायटीला उपचारगृह आणि निवाऱ्यासाठी पुरेशी जमीन द्यायची आहे, आणि उपचारगृहात पूर्णवेळ पशुवैद्यक असायला हवा. या जिल्हा सोसायटीच्या बैठकीत गेल्या महिन्यात किती गुन्हे नोंदवले हा आकडा जरूर वाचावा. पण त्याआधी जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, तिथे चारा आणि पाणी आहे का, आणि रात्री दहा वाजता टेम्पोतून उतरवलेल्या जखमी म्हशीला तपासायला डॉक्टर कोण येणार, हे अध्यक्षांना विचारावं.