शिकाऊ विमानांचा सातबारा

शेताचा उतारा पाहिला म्हणजे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हें कळतें; गडचांदूरच्या पालकांस हें सांगावयास नको. जुन्या लष्करी विमानाचाही असाच उतारा काढतां येतो, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. वैमानिक ज्यांवर प्रथम उडावयास शिकतात, त्या शिकाऊ विमानांविषयीं आम्ही येथें दोन शब्द लिहितों.

लढाऊ विमानाचें नांव वर्तमानपत्रांत येतें; शिकाऊ विमान नवशिक्यांच्या हातचे धक्के खाऊन मुकाट्यानें मोडींत जातें. म्हणूनच त्याचा माग काढणें कठीण. शेपटीजवळचा क्रमांक पाहून निर्णय करूं नये. रंगाचा हात फिरला कीं तो बदलतो. इंजिनाचीही साक्ष पुरी नव्हे, कारण दुरुस्तीच्या वेळीं एकाचें इंजिन दुसऱ्यास बसवितात. खरा आधार कारखान्यानें सांगाड्यावर ठोकलेल्या पट्टीचा व नोंदवहीचा. त्या वहींत उड्डाणाचे तास, मोडतोड, बदललेले भाग हें सर्व तारीखवार लिहिलेलें असतें. पट्टी व वही जुळल्या तर ओळख पटली. कधीं कधीं असें निघतें कीं, प्रदर्शनांतील एक विमान वस्तुतः दोन-तीन मोडक्या विमानांच्या अवयवांचें बनलें आहे!

आपल्या देशांत हा माग मागें नेला तर तो सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांच्यापाशीं पोहोंचतो. त्यांनीं १९४० सालीं बंगलोर येथें विमानांचा कारखाना काढला, व १९४१ सालीं तेथून जें पहिलें विमान उडालें तें हार्लो नांवाचें शिकाऊ विमानच होतें. नमुना मात्र अमेरिकन. आपल्याच लोकांनीं आंखलेलें शिकाऊ विमान उडावयास आणखी दहा वर्षें लागलीं. तें एचटी-२, १९५१ सालचें. त्याचे मुख्य शिल्पकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे महाराष्ट्रीय. जर्मनींत गटिंगेन येथें प्रांटल यांच्या हाताखालीं त्यांनीं अध्ययन केलें होतें. एकामागें एक दोन आसनें, सर्व अंग धातूचें, १५५ अश्वशक्तीचें विलायती इंजिन. अशीं सुमारें १७० विमानें झालीं. कांहीं आफ्रिकेंतील घाना देशासही गेलीं. १९८० नंतरच्या दशकांत एचपीटी-३२ नें त्यांची जागा घेतली.

वैमानिकाची स्वतःची उड्डाणवहीही असते, व तींत प्रत्येक दिवशीं कोणतें विमान चालविलें त्याचा क्रमांक लिहिलेला असतो. घरोघरच्या अशा वह्या एकत्र केल्या तर हरवलेल्या विमानाचीं वर्षें भरून काढतां येतात. त्या रद्दींत गेल्या कीं उताऱ्यांतील तेवढी ओळ कोरीच राहते. बंगलोरच्या विमान संग्रहालयांत एचटी-२ ठेविलेलें आहे. सहलीस जाणाऱ्यांनीं नव्या रंगास न भुलतां शक्य तर कारखान्याची पट्टी अगोदर शोधावी.