सासऱ्यांच्या बुलेटला पदर

मैत्रिणींनो, स्कूटीवर निघताना आपण तोंडाला स्कार्फ गुंडाळतो ना? धूळ, ऊन, वारा या सगळ्यांवर एकच उपाय. आमच्या घरात मात्र हा स्कार्फ चक्क गाडीला बांधायची वेळ आली, आणि त्यावरून पंधरा दिवस महाभारत झालं. त्याचीच ही हकीकत.

आम्ही कोरेगावचे. सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, 1972 साली घेतलेली बुलेट अजून आमच्या अंगणात उभी असते. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, आणि किक मारायच्या आधी अँपिअरच्या काट्याकडे बघून तिची मर्जी सांभाळायची. 2014 मध्ये दादा गेले. तेव्हापासून आमचे हे तिच्यावरूनच शाळेत जातात. शाळा पुसेगावच्या पुढे, घरापासून पंचवीस किलोमीटर. माझे बचत गटही त्याच बाजूच्या गावांत, त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस मागच्या सीटवर मी असतेच.

खटाव-माणकडचा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना वेगळं सांगायला नको. डिसेंबरात अंग कापतं आणि मार्चपासून डोळ्यांत माती जाते. यांच्या डोळ्यात पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांस वाढायला लागलं होतं. वर्षानुवर्षं ऊन, वारा, धूळ खाणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो म्हणे. 2021 च्या हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं, "हे पुन्हा वाढू शकतं. डोळ्याला वारा लागू देऊ नका."

तुम्ही म्हणाल, मग हेल्मेट आहे की! आहे, आणि ते आम्ही दोघंही घालतोच. पण पहाटेच्या धुक्यात यांचा चष्माही धुरकट होतो आणि हेल्मेटची काचही. मग हे काच वर करतात आणि वारा थेट डोळ्यात. समोरून ट्रकचा दिवा आला की ओरखडे पडलेल्या काचेतून काही दिसत नाही ते वेगळंच. मी म्हटलं, "एसटीनं जा." महिनाभर गेले. पण माणूस घरात गप्प गप्प राहायला लागला.

तेवढ्यात पुण्याहून एक जुन्या गाड्यांचे शौकीन गाडी बघून गेले. किंमत अशी सांगितली की मी दोनदा विचारलं. अट एकच, गाडी आहे तशी हवी, एक स्क्रूही बदललेला नको. इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी दुसरा मार्ग काढला. "बाबा, गाडी विकायची कशाला? पुढे फेअरिंग बसवू."

फेअरिंग म्हणजे गाडीच्या तोंडावर बसवायचं फायबरचं आवरण. हेडलाइटच्या दोन्ही बाजूंनी येतं आणि वर पारदर्शक काच असते. लांबच्या प्रवासात वारा अंगावर न येता वरून आणि बाजूनं निघून जावा, हा त्याचा उद्देश. मला वाटलं हे आजकालचं खूळ असेल. पण मुलानं सगळा इतिहासच सांगितला. आपली बुलेट ज्या इंग्लिश कंपनीच्या घराण्यातली, त्या रॉयल एनफिल्डनंच 1950 च्या दशकाच्या अखेरीस 'एअरफ्लो' नावाची, पुढे मोठं फायबरचं आवरण असलेली मॉडेलं काढली होती. अमेरिकेत क्रेग व्हेटर नावाच्या माणसानं 1970 च्या दशकात 'विंडजॅमर' फेअरिंग घरोघर पोचवलं. कवच तेच, फक्त ब्रॅकेट बदललं की वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना बसायचं. होंडाची गोल्डविंग 1975 मध्ये आली तेव्हा तिच्यापुढे काहीच नव्हतं, लोक बाहेरून बसवून घ्यायचे. 1980 पासून कंपनी स्वतःच फेअरिंगसकट गोल्डविंग विकायला लागली. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनं तर 1976 च्या आर100आरएस या गाडीचं फेअरिंग इटलीत पिनिनफरिना कंपनीच्या बोगद्यात, कृत्रिम वारा सोडून तपासून घेतलं होतं.

हे ऐकून आमचे हे खुलले. पण धाकटे दीर भडकले. "दादांच्या गाडीला हात लावायचा नाही! पन्नास वर्षं जशीच्या तशी ठेवलीय. एवढीच नडतीय तर तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करा आणि जपून ठेवा."

भाऊजींचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. केंद्र सरकारनं जुलै 2021 मध्ये तसे नियम केलेत. पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून जास्त झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना वेगळा, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20 हजार रुपये आणि मुदत 10 वर्षं. पण त्यात एक मेख आहे. अशी गाडी प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता येते, रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे गाडी राहणार, पण आमचे हे एसटीच्या स्टँडवरच!

दोन्ही भावांची बोलाचाली थांबली. मी मध्ये पडले तर, "वहिनी, तुम्हाला त्यातलं काय कळतंय?" शेवटी एका संध्याकाळी शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई उठल्या, अंगणात गेल्या आणि भाऊजींना हाक मारली. "हितं ये. ह्या लेग गार्डच्या पट्टीला दोन भोकं हायत, ती कशाची?"

भाऊजी वाकून बघायला लागले. पन्नास वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"तू पाच महिन्यांचा हुतास. 1979 चा पावसाळा. छातीत कफ भरला, धाप लागली. सातारला डॉक्टरकडं न्यायचं म्हणून तुला पोटाशी धरून मी मागं बसले. दादांनी हितनं ताडपत्री बांधली. परत आल्यावर म्हणाले, पोराला पुन्हा न्यावं लागंल. मग ही भोकं पाडून पत्रा आन् वर प्लॅस्टिकचा कागद ठोकला. दोन पावसाळं हुता तो. म्हणं जशीच्या तशी!"

भाऊजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच गॅरेजमधून पान्यांचा डबा घेऊन आले.

आता प्रत्यक्ष कामाचं. कारण आम्ही चुका करत शिकलो, तुम्हाला त्या टाळता येतील. पहिली चूक, स्वस्तातली तयार काच आणून थेट हँडलला क्लॅम्पनं बसवली. चाळिशीच्या वेगात छान वाटलं. साठला गेल्यावर हँडल थरथरायला लागलं. मिस्त्री म्हणाले, "ताई, वाऱ्याचा सगळा जोर हँडलवर येतोय. भार चेसिसवर पाहिजे." म्हणजे हँडल मोकळं फिरलं पाहिजे आणि फेअरिंग जागेवर स्थिर. मग चेसिसच्या पुढच्या उभ्या नळीला आणि लेग गार्डला पकड घेणारे लोखंडी क्लॅम्प लेथवाल्याकडून करून घेतले. आतून टायरच्या ट्यूबचं रबर लावलं. वेल्डिंग नाही, नवीन भोक नाही. उद्या काढायचं म्हटलं तर चार बोल्ट सोडले की गाडी पहिल्यासारखी.

हे कायद्यासाठीही गरजेचं होतं. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार, नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. म्हणून इंजिन आणि चेसिसला हात लावायचा नाही, दिवे, इंडिकेटर आणि नंबरप्लेट झाकायची नाही, आणि काही करण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यायचं. आम्ही तसंच केलं.

फायबरचं कवच करून दिलं गणपतीच्या मूर्ती आणि देखावे करणाऱ्या एका मूर्तिकारांनी. ते म्हणाले, "माप आणा." इथे माझी पाळी आली. अहो, ब्लाऊज बेतताना आपण आधी कागदावर कटिंग करतोच की! फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि अंगणात गाडीवर बेतला. यांना हेल्मेट घालून सीटवर बसवलं. काचेची वरची कड नाकाच्या शेंड्याच्या पातळीला ठेवली, कारण रस्ता काचेतून नाही, काचेवरून दिसला पाहिजे. पावसात किंवा रात्री काचेतून बघायची वेळ आली तर धोका. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून पाहिलं. हातमोजे घातलेली मूठ पुठ्ठ्याला लागत होती, तिथे दोन बोटं जास्त कापलं. क्लचची आणि ब्रेकची वायर ताणली जात नाही ना, तेही बघितलं. खालची कड इंजिनच्या वरच थांबवली. बुलेटचं इंजिन वाऱ्यावरच थंड होतं, त्याचा वारा अडवून चालत नाही.

त्या पुठ्ठ्यावरून साचा आणि साच्यात मॅटवर मॅट, रेझिनचे थर. आठ दिवसांत कवच तयार. वर अॅक्रेलिकची काच. बसवलं, नारळ फोडला. आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर बोल्टपाशी काचेला तडा! एका सिलिंडरची गाडी, तिचं धडधडणं काही कमी नसतं. आम्ही बोल्ट घट्ट आवळले होते, तीच दुसरी चूक. मग पॉलिकार्बोनेटची काच घेतली, ती सहजासहजी तडकत नाही. भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवली, प्रत्येक ठिकाणी रबरी बुश आणि रुंद वायसर घातले, आणि बोल्ट हातानं हलणार नाहीत इतपतच आवळले. ही काच पुसायला रॉकेल, पेट्रोल अजिबात नको. साबणाचं पाणी आणि मऊ सुती कापड. आधी पाणी ओतून धूळ जाऊ द्यायची, नाहीतर ओरखडे पडतात.

शेवटची परीक्षा घेतली चाळकेवाडीच्या पठारावर. ठोसेघरच्या पुढे जिथे पवनचक्क्या फिरतात, तिथला श्रावणातला वारा. समोरचा वारा फेअरिंगनं झकास अडवला. पण बाजूनं झोत आला की गाडी ढकलली जात होती. फेअरिंगनं गाडीचा पृष्ठभाग वाढतो, तेव्हा बाजूचा वाराही जास्त लागणार. अशा ठिकाणी वेग कमी करणं एवढाच उपाय, हे तिथं कळलं.

परत आल्यावर सगळे यांना विचारत होते, "कसं वाटलं?" हे म्हणत होते, "स्वर्ग!" मला कुणी विचारलंच नाही. मी न विचारताच सांगितलं, "मला आधीपेक्षा जास्त त्रास झाला." सगळे थक्क. खरं होतं ते. यांच्या पुढचा वारा काचेच्या कडेवरून उडून भोवऱ्यासारखा नेमका माझ्या डोक्यावर येत होता. हेल्मेटवर सारखी थापा मारल्यासारखी धडधड. बरोबरच होतं की, माप घेताना आम्ही एकट्या यांनाच सीटवर बसवलं होतं. आणि कटिंग करणारी मी स्वतः! मलाही सुचलं नाही, बघा.

मग पुन्हा बैठक. या वेळी मी मागे, हे पुढे. काचेचा कोन थोडा मागे कलता केला, वरच्या कडेला किंचित वळण दिलं. दोन रविवार मी मागे बसून "अजून, अजून" करत होते आणि भाऊजी पाना फिरवत होते. तिसऱ्या रविवारी धडधड थांबली. यांच्या डोळ्यावरचा आडोसा तसाच राहिला.

तेव्हा मला सारखं वाटत राहिलं, दुचाकी घेताना पुरुष मायलेज बघतात, पिकअप बघतात. मागे बसणारीला कसं वाटतं हे कोण बघतं? कायद्यानं मात्र तिचा विचार केलाय बरं का. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ आणि पायाला आधार हवा, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो तेच हे. आजकाल गाडी ऐटबाज दिसावी म्हणून पोरं ते काढून टाकतात. मैत्रिणींनो, तुमच्या घरच्या गाडीला आहे का, आजच बघा. पदर आणि ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात मी गावोगाव ऐकलेत.

सगळा खर्च साडेसात हजारांच्या घरात गेला, चुकांचे धरून. पुण्याच्या शौकिनांना आम्ही नम्रपणे नाही म्हटलं. डोळा अजून ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, गॉगल, हेल्मेट आणि तपासणी सोडू नका, सगळं श्रेय गाडीला देऊ नका. तेही खरंच. उन्हाळ्यात फेअरिंगमागे थोडं उकडतं, हेही सांगून टाकते.

परवा सासूबाई म्हणाल्या, "एवढं केलंय तर मला गोंदवल्याला न्या की बुलेटवरनं." वय अठ्ठ्याहत्तर! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. भाऊजी मात्र लगेच आत गेले आणि आईच्या मापाचं हेल्मेट आणायला म्हणून टेप घेऊन आले.