तान्ह्याचे औषध : मात्रा किती, अंतर किती?

न्हावरे असो की शिरूर-दौंडकडचे दुसरे एखादे गाव, घरातल्या फळीवर औषधाची अर्धी उरलेली बाटली सापडतेच. ‘मोठ्याला हेच दिले होते, बाळाला निम्मे दिले तर चालेल ना?’ असे आम्हा डॉक्टरांना नेहमी विचारले जाते. माझे उत्तर ‘नाही’ असेच असते. त्याचे एक मोठे कारण बाळाच्या मूत्रपिंडात आहे.

रक्त गाळून नको ते लघवीवाटे बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे काम. बाळ पोटात असताना हा भार वारेमार्फत आई उचलते. जन्मल्याबरोबर तो बाळावर येतो. पूर्ण दिवसांच्या बाळाची गाळण्याची ताकद, शरीराच्या आकाराचा हिशेब धरूनही, मोठ्या माणसाच्या फार तर एक तृतीयांश असते. पहिल्या दोन आठवड्यांत ती जवळजवळ दुप्पट होते. पुरती यायला वर्ष-दोन वर्षे लागतात. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या गर्भाच्या 34 ते 36 आठवड्यांपर्यंत तयार होत असतात. म्हणून आधी जन्मलेल्या बाळाचे मूत्रपिंड आणखी कच्चे.

जेंटामायसिनचेच पाहा. नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर हे मोलाचे इंजेक्शन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकरवी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्या उपचारांत हे इंजेक्शनही होते. नवजात मृत्युदर मोठ्या प्रमाणात घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

पण हे औषध बाहेर पडते ते मूत्रपिंडातूनच. ते साचले तर कानाला आणि खुद्द मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. गंमत अशी, की बाळाच्या अंगात पाण्याचा अंश जास्त असल्याने वजनाच्या मानाने एका वेळची मात्रा फारशी कमी करून चालत नाही. वाढवावे लागते ते दोन मात्रांमधले अंतर. पूर्ण दिवसांच्या बाळाला साधारण 24 तासांनी, तर फार आधी जन्मलेल्याला 36 किंवा 48 तासांनी. म्हणून ‘आज सुई का दिली नाही?’ याचे उत्तर हयगय नव्हे, हिशेब हे असू शकते.

रक्ततपासणीही सुरुवातीला पुरेशी बोलत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या रक्तातले क्रिएटिनिन बरेचसे आईचेच असते. त्यामुळे डॉक्टरांना बाळ कितव्या आठवड्यात जन्मले, आज किती दिवसांचे आहे, वजन किती, लघवी किती वेळा होते, हे नेमके सांगा.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, अंग गार पडले किंवा ते दूध ओढेनासे झाले, तर घरातली बाटली उघडू नका. थेट दवाखाना गाठा. आयबुप्रोफेनसारखी औषधे तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाच कमी करतात. आणि डॉक्टरांनी दिलेले औषध भीतीपोटी मध्येच सोडू नका. मात्रा आणि वेळ, दोन्ही त्यांनी सांगितल्याप्रमाणेच पाळा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)