फाशी का झाली नाही?

‘वकीलसाहेब, त्याला फाशी का नाही झाली?’ हिंगणघाटात वकिली करताना हा प्रश्न मला २०२२ पासून अनेकदा ऐकावा लागला आहे. कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवातसुद्धा. विचारणाऱ्याचा राग खरा असतो. म्हणून आज त्याचे उत्तर सोप्या शब्दांत देण्याचा प्रयत्न करतो.

घटना आपल्याला आठवत असेलच. ३ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी नंदोरी चौकात, कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर तिच्या मागे लागलेल्या माणसाने पेट्रोल टाकून तिला पेटवले. सात दिवस मृत्यूशी झुंजून १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात ती गेली. मोर्चे निघाले, बंद पाळला गेला. ‘फाशी द्या’ हीच मागणी सगळीकडे होती. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, हिंगणघाटच्या सत्र न्यायालयाने आरोपीला जन्मठेप सुनावली. पुष्कळांना ती अपुरी वाटली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. खुनाला आपल्याकडे दोनच शिक्षा आहेत, फाशी किंवा जन्मठेप. १९५५ पूर्वी खुनाच्या खटल्यात फाशी दिली नाही, तर न्यायाधीशाला त्याचे कारण लिहावे लागे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे उलटे केले. जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची तर विशेष कारणे लिहिणे आवश्यक झाले. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनेत बसते असे ठरवले, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणातच द्यावी अशी मर्यादा घातली. गुन्हा किती क्रूर आहे एवढे पाहून भागत नाही. गुन्हेगार सुधारण्याची शक्यता उरलीच नाही का, हेही तपासावे लागते. न्यायाधीशांनी लोकमताचे प्रवक्ते होऊ नये, असेही त्या निकालात बजावले आहे. मोर्चा कितीही मोठा असला, तरी तो पुराव्यात मोजता येत नाही.

‘पण इतक्या क्रूर माणसाला जगवायचे कशाला?’ हा पुढचा प्रश्न. त्याला मी नाशिकच्या एका खटल्याने उत्तर देतो. २००३ मध्ये तिथे एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला, खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. पुढे प्रकरण फेरविचारासाठी उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेशही झाला. मधल्या काळात फाशी अमलात आली असती, तर भरपाई कुणाच्या हाती ठेवली असती?

फाशीने पीडितांच्या घरच्यांना लवकर समाधान मिळते, हाही समज तपासून पाहावा. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात दोघी बहिणींना २००१ मध्ये फाशी सुनावली गेली. अपील, दयेचा अर्ज, त्यावर सरकारी दिरंगाई. शेवटी या दिरंगाईमुळेच जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. एकवीस वर्षे त्या मुलांच्या नातेवाइकांनी नुसती वाट पाहिली.

फाशी रद्द करावी हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी देहदंडच रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यातले. गांधीजींच्या मारेकऱ्यांना फाशी देऊ नये, अशी विनंती त्यांचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी केली होती. ती मान्य झाली नाही, हा भाग वेगळा. विधी आयोगाने १९६७ मध्ये फाशी ठेवावी असे म्हटले होते, तर २०१५ मध्ये दहशतवादाचे गुन्हे वगळता ती रद्द करावी अशी शिफारस केली. जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त बसतो याला आधार सापडत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते.

माझे स्वतःचे मत फाशीच्या विरोधात आहे. ते सर्वांना पटावे असा आग्रह नाही. ज्या घरची लेक गेली, त्या घराला मी हे ऐकवायला जाणार नाही. पण बाकीच्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की गुन्हेगाराला धाक शिक्षेच्या नावाचा नसतो, आपण हमखास पकडले जाऊ याचा असतो. पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, पण पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे. शिवाय बदनामीच्या भीतीने कितीतरी घरे तक्रार करायला पोलीस ठाण्याची पायरीच चढत नाहीत.

फाशीवर आपले एकमत होईल न होईल. मात्र ‘तो रोज मागे येतो,’ असे मुलगी घरी सांगते, तेव्हा तिलाच कॉलेज सोडायला न लावता तिच्यासोबत ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवणे, यासाठी कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.