जुन्या साडीची गाळणी

नळाला किंवा हंड्याच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळणे आपल्याला नवीन नाही. गाळ आणि काडीकचरा अडला, की फडक्याचे काम संपले असे आपण समजतो. पण त्याच फडक्याच्या नीट घड्या घातल्या, तर ते कॉलऱ्यालाही बऱ्याच अंशी अडवते, हे बांगलादेशातील एका अभ्यासाने दाखवून दिले आहे.

कॉलऱ्याचा, म्हणजेच पटकीचा, जिवाणू इतका सूक्ष्म असतो की कोणत्याही कापडातून तो सहज निसटेल. मग कापड त्याला अडवते कसे? तळ्या-नद्यांच्या पाण्यात कोपेपॉड नावाचे बारीक जलचर असतात. त्यांच्या अंगाला आणि अंड्यांच्या पिशव्यांना हे जिवाणू मोठ्या संख्येने चिकटून राहतात. जलचर अडला, की त्याच्यावरचे जिवाणूही अडतात. कॉलरा होण्यासाठी सहसा बरेच जिवाणू पोटात जावे लागतात. त्यामुळे त्यांची संख्या घटली तरी धोका कमी होतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि त्यांच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी मतलब भागातील ६५ गावांत या उपायाची चाचणी घेतली. तेथे अनेक घरांत पिण्यासाठी तळ्याचे किंवा नदीचे पाणी वापरले जात असे आणि रोज पाणी उकळण्याइतके जळण गरिबाला परवडत नसे. जुनी सुती साडी मात्र घरोघरी होती. तिच्या आठ थर होतील अशा घड्या घालून ती कळशीच्या तोंडावर धरायची आणि पाणी भरायचे, एवढेच बायकांना शिकवले गेले. साडी जुनीच हवी, कारण वारंवार धुतल्याने धागे पिंजारतात आणि विणीतील छिद्रे बारीक होतात. आठ थरांतून साधारण २० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी, गाळणी तयार होते. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी आढळले.

पाच वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा सुमारे ३१ टक्के स्त्रिया पाणी गाळत होत्या. मात्र त्यांतील अनेकींच्या साडीच्या घड्या कमी झाल्या होत्या. उपाय फुकटचा असला, तरी तो का आणि कसा करायचा हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

या गाळणीच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. पाण्यात सुटे असलेले जिवाणू, काविळीचे विषाणू किंवा विरघळलेले आर्सेनिक कापडाने अडत नाही. म्हणून शक्य असेल तेथे पाणी गाळून मग उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध घालावे. गाळण्याचे फडके दर वेळी खळबळून धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. ओलेच ठेवलेले फडके पुढचे पाणी दूषित करू शकते. पावसाळ्यात पूर आला किंवा टँकरचे पाणी घ्यावे लागले, तर घरातली एखादी जुनी सुती साडी यासाठी बाजूला काढून ठेवायला हरकत नाही.